पिसांविना ऊब

पुणे-सातारा महामार्गावर भोर तालुक्यातील शिवरे गावाजवळ हिवाळ्यातील शनिवारी पहाटे मोटारींच्या काचा दवाने पांढुरक्या झालेल्या असतात. याच परिसरातून नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या खोऱ्यात रस्ता शिरतो आणि राजगड व तोरणा समोर उभे राहतात. राजगडाची उंची १,३७६ मीटर, तोरण्याची १,४०३. सुवेळा माचीवरून सूर्योदय पाहायचा, तर अंधारातच गड चढायला घ्यावा लागतो. आठवडाभर पेढीवर बसणारी आपली तरुण मंडळी अलीकडे या वाटेवर हौसेने दिसू लागली आहेत.

गडावरच्या थंडीवर सर्वमान्य उतारा म्हणजे वाफाळता चहा. चौविहार पाळणाऱ्याला मात्र तो वर्ज्य. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. त्यात नवकारशीची ४८ मिनिटे मिळवली, की जवळपास चौदा तास पोटात घास नाही, घोट नाही. शरीराची उष्णता अन्नातूनच निर्माण होते. नवे जळण पडत नसेल, तर आहे ती धग जपून ठेवणे एवढेच हाती उरते. सोबत्यांच्या हातात गरम पेले असताना व्रतस्थ मुलगा पातळ स्वेटरात कुडकुडत बसावा, यात तपापेक्षा पूर्वतयारीचा अभावच अधिक. घामाने भिजलेल्या अंगावर वारा झोंबला, की पारा शून्याच्या पुष्कळ वर असतानाही शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरू शकते. म्हणून जाकिटाची निवड हा हौसेचा विषय नाही.

जाकीट ऊब निर्माण करीत नाही. ते हवा अडवून ठेवते. आजीच्या दुलईचे तत्त्व तेच. कापसाच्या तंतूंत कोंडलेली स्थिर हवा उष्णतेला बाहेर जाऊ देत नाही. बाजारातील हलक्या जाकिटांत हे काम दोन प्रकारच्या भरणाकडे असते. पहिले ‘डाउन’, म्हणजे बदक वा हंसवर्गीय पक्ष्यांच्या छातीवरची मऊ लव. दुसरे पॉलिएस्टरचे बारीक कृत्रिम तंतू. ही लव मुख्यतः मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांची असते आणि काही ठिकाणी ती जिवंत पक्ष्यांच्या अंगावरून ओरबाडली गेल्याचेही उघड झाले आहे. २०१४ साली ‘रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्र आले. जिवंतपणी पिसे न उपटल्याची हमी त्यातून मिळते. पक्षी वाचल्याची मिळत नाही. पर्याय हाताशी असताना पत्करलेल्या अशा हिंसेला आपल्या परंपरेत अनर्थदंड हा शब्द आहे.

तरीही खरे ते सांगितले पाहिजे. कोरड्या, कडक थंडीत वजनाच्या मानाने पिसांइतकी ऊब कृत्रिम तंतूंना अद्याप साधलेली नाही. परंतु ओली झाली, की पिसे एकमेकांना चिकटून बसतात आणि ऊब संपते. पॉलिएस्टर पाणी शोषत नाही, भिजूनही बरीच ऊब राखते आणि लवकर वाळते. १९८०च्या दशकात अमेरिकी सैन्याला पाण्यात न हरणारा पर्याय हवा होता, त्यातूनच ‘प्राइमालॉफ्ट’ हा तंतू जन्मला. सह्याद्रीत दव, धुके आणि घाम यांचीच गाठ असल्याने येथे अहिंसक पर्याय हाच व्यवहारालाही सरस ठरतो.

आता खरेदी. कापडाच्या व्यापाऱ्याला ‘जीएसएम’ शिकवायला नको. जाकिटाच्या भरणाचे मापही तेच, दर चौरस मीटरला इतके ग्रॅम. सह्याद्रीतील हिवाळ्याला साधारण ६० पुरते. केदारकंठासारख्या बर्फातील मोहिमेला १०० किंवा अधिक, तेही आत लोकरी वा फ्लीसचा थर घालून. नुसता फुगीरपणा पाहून भुलू नये. दुकानातील तेजस्वी दिव्यापुढे जाकीट धरले, तर भरण कोठे विरळ आहे ते बहुधा कळते. बाहेरचे कापड घट्ट विणीचे, वारा अडवणारे हवे. शिवणी फार असतील तर प्रत्येक टाक्यापाशी भरण दबते आणि तेथून गारवा शिरतो. त्यावरून पाण्याचे थेंब ओघळतात म्हणून त्याला रेनकोट समजू नये. तो वेगळाच घ्यावा. माप आतल्या कपड्यांसह घ्यावे. हात वर करताच कंबर उघडी पडली, तर ते जाकीट कितीही स्वस्त असो, परत ठेवावे.

आणि लेबल वाचावे. ‘डाउन’, ‘डक’, ‘गूस’, ‘फेदर’ यांपैकी एकही शब्द दिसला, की त्यात पिसे असण्याची शक्यता धरावी. भरणाच्या जागी ‘१०० टक्के पॉलिएस्टर’ असे स्पष्ट लिहिलेले हवे; बाहेरच्या कापडापुढे लिहिलेले पॉलिएस्टर पुरेसे नाही. या दोन ओळींची गल्लत फार होते.

चढताना जाकीट पाठपिशवीतच असावे. अंगात घालून चढणारा आतून भिजतो आणि माथ्यावर पोहोचताच गारठतो. थांबल्याबरोबर, अंग थंड होण्याआधी, ओली सुती बनियन बदलून ते चढवावे. शिखरजीच्या वंदनेला मधुबनातून मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या यात्रेकरूंनाही हेच लागू आहे. तेथे सुमारे २७ किलोमीटरची वाटचाल, पहाटे बोचरी थंडी आणि परतताना डोक्यावर ऊन. काढून छोट्या पिशवीत बसणारे जाकीट तेथे फार सोयीचे.

पॉलिएस्टरही निर्दोष नाही. ते खनिज तेलापासून बनते आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. टाकाऊ बाटल्यांपासून केलेले भरण काही कंपन्या वापरतात. मिळाल्यास ते घ्यावे. घरातील प्रत्येकाला नवे घेण्यापेक्षा एकाच मापाच्या दोघांत एक पुरते, आणि जाकीट जितके कमी धुवावे तितके ते टिकते. धुवायचेच तर गार पाणी आणि सौम्य साबण. इस्त्री नको, शेकोटीच्या ठिणगीपासूनही जपावे, कारण कापड क्षणात वितळून भोक पडते. मुख्य शत्रू मात्र आपल्याच घरात असतो. पिशवीत दाबून वर्षभर माळ्यावर टाकलेल्या जाकिटाचे तंतू चपटे होतात आणि पुन्हा फुलत नाहीत. सहलीहून आल्यावर ते उन्हाच्या झळा नसलेल्या जागी वाळवावे आणि कपाटात हँगरला सैल टांगून ठेवावे.