एका पुस्तकाच्या तीन नोंदी

सकाळी 9:30

वाचनालय वाचकांसाठी 10 वाजता उघडतं, माझं काम त्याआधी सुरू होतं. पहिलं काम ठरलेलं: पुस्तकांच्या तालिकेची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायची. आमची तालिका 'कोहा' या मुक्त प्रणालीवर आहे. न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ती तयार झाली, 2000 साली वापरात आली आणि आज भारतातली कितीतरी ग्रंथालयं तिच्यावर चालतात. तिच्यात दोन नोंदी एकत्र करायला चार क्लिक पुरतात. केलेलं उलटं फिरवायला मात्र बटण नाही. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती.

आमचं मराठी वाचनालय हैदराबादचं. इथल्या सुलतान बाजार, काचीगुडा या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला. इथली मराठी माणसं आणि त्यांची कपाटं इथेच राहिली. त्या कपाटांतली पुस्तकं आता आमच्याकडे येतात. आजोबा गेले, मुलं पुण्याला किंवा परदेशी, वाडा विकायला काढला की फोन येतो, "ताई, पुस्तकं घेऊन जाता का?" आम्ही जातो आणि घेऊन येतो. त्यामुळे एकच पुस्तक चार घरांतून चार वेळा आलेलं असतं. एकदा हातानं लिहिलेल्या दाखल नोंदवहीत चढलेलं, एकदा कार्डावर, आणि संगणकीकरण टप्प्याटप्प्यानं झालं तेव्हा वेगवेगळ्या हातांनी वेगवेगळ्या प्रकारे भरलेलं. निकाल असा की एका पुस्तकाच्या दोन, तीन, कधी चार नोंदी.

त्यात बिघडलं काय? वाचक संगणकावर नाव शोधतो, पहिली नोंद उघडतो, तिथे 'बाहेर दिले आहे' असं दिसतं, आणि तो परत जातो. दुसरी प्रत दुसऱ्या नोंदीखाली कपाटात तशीच असते. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. दुहेरी नोंद वाचकाचा वेळ तर घेतेच, शिवाय आमच्याकडे पुस्तक नाही असा खोटा निरोपही त्याला देते.

सकाळी 10:00

दार उघडलं की वर्तमानपत्रं वाचणारी ज्येष्ठ मंडळी आपापल्या खुर्च्यांवर येतात. मी संशयित जोड्यांची यादी उघडते. शीर्षक आणि लेखक जवळपास सारखे असलेल्या नोंदी प्रणालीतून काढून शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

आजची पहिली जोडी लक्ष्मीबाई टिळकांची. एका नोंदीत 'स्मृतिचित्रे', दुसरीत 'स्मृति-चित्रें'. 1962 साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ते आहेत. भरणाऱ्यानं पुस्तक समोर ठेवून अक्षर न्‌ अक्षर उतरवलं, म्हणजे त्यानं कामात कसूर केली नाही. संगणकाला मात्र तो एक ठिपका दोन पुस्तकांएवढा. असंच 'ॲ'चं. ते अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे 2008 साली आलं, त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन ते जुळवत. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, आतले संकेत निराळे. डोळ्यांना न दिसणारा हा फरक मी शोधाच्या खिडकीत दोन्ही प्रकारे टंकून पकडते.

'स्मृतिचित्रें'ची जोडी सोपी वाटते, तशी ती नाही. हे पुस्तक मुळात 1934 ते 1936 या काळात चार भागांत आलं. पुढे चारही भाग एकत्र निघाले, संक्षिप्त आवृत्तीही निघाली. यादीत एकाच नावाच्या सहा नोंदी दिसतात. त्यांतल्या कोणत्या खरोखर दुहेरी? मी उठते आणि सहाही पुस्तकं टेबलावर आणते. भाग दुसरा आणि भाग तिसरा या दोन नोंदी एक केल्या तर वाचकाला तिसरा भाग कधीच सापडणार नाही. संक्षिप्त आणि संपूर्ण एक केल्या तर कुणीतरी लहान पुस्तक घरी नेईल आणि आपण अख्खं वाचलं असं समजेल. सहांपैकी खऱ्या दुहेरी निघतात त्या दोनच: पहिला भाग, तीच आवृत्ती, दोन घरांतून आलेल्या दोन प्रती. बाकीच्यांच्या नोंदीत मी भाग आणि आवृत्ती स्पष्ट लिहिते. एकत्र करण्याइतकंच वेगळं करणंही या कामात येतं.

सकाळी 11:15

आता जुनी दाखल नोंदवही. कापडी बांधणी, कडा झिजलेल्या, शाई तपकिरी झालेली. तिच्यातली वर्षं हा हैदराबादचा खास प्रश्न. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सनात चाले आणि इथल्या संस्थांच्या वह्याही त्याच सनात. फसली सनात 590 मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. जुन्या मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर तर शके असतं, त्यात 78 मिळवायचे.

एक जुनं संगीत नाटक आहे. पहिल्या नोंदीत प्रकाशनवर्ष 1858, दुसरीत 1936, तिसरीत 1346. आवृत्त्या म्हणाव्यात तर तिसरी आवृत्ती ज्ञानेश्वरांच्या नंतर अर्ध्या शतकातली ठरते. मुखपृष्ठ उघडलं की उलगडा होतो: शके 1858. म्हणजेच 1936. आणि 1346 हा फसली सन, पुस्तक वहीत चढलं त्या वर्षाचा. ते दाखल वर्ष भरणाऱ्यानं प्रकाशनवर्षाच्या रकान्यात घातलं होतं. तिन्ही नोंदी एकाच पुस्तकाच्या, आणि दाखल क्रमांक पाहिला तर एकाच प्रतीच्या.

इथे मी बिनघोर एकत्र करते. ठेवायची ती नोंद निवडते आणि प्रकाशनवर्षाच्या रकान्यात 1936 लिहिते. शके 1858 ही मुखपृष्ठावरची माहिती आणि फसली 1346 हे दाखल वर्ष टिपेत जातं. उद्या कुणी इथल्या मराठी वाचनाचा इतिहास लिहायला बसला, तर नाटक छापून निघताच ते हैदराबादला पोहोचलं होतं, हे त्याला याच टिपेवरून कळेल.

दुपारी 12:30

जेवणाआधी एक अवघड जोडी घेते, डोकं ताजं आहे तोवर. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. वरसईचे हे भटजी द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेले आणि 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. हा वृत्तान्त चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 साली छापला, पण त्यात फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढली.

संगणकाच्या दृष्टीनं शीर्षक एक, लेखक एक, विषय एक. जोडून टाका. अभ्यासकाच्या दृष्टीनं मात्र ही दोन वेगळी पुस्तकं. ब्रिटिश राजवटीत संपादकानं काय बदललं, हे पाहायचं तर दोन्ही शेजारी शेजारी हवीत. मी दोन्ही नोंदी ठेवते, प्रत्येकीत संपादकाचं नाव वर आणते आणि एकीतून दुसरीकडे 'आणखी पाहा' असा निर्देश देते. या जोडीपुढे कायमची खूण करते: 'एकत्र करू नये.' माझ्यानंतर या खुर्चीत बसणाऱ्याला हा विचार पुन्हा मुळापासून करावा लागू नये.

दुपारी 1:30

डबा आम्ही मागच्या खोलीत खातो. देवघेव पाहणाऱ्या काकू, मी, आणि एक निवृत्त शिक्षक. ते रोज येतात, जीर्ण पुस्तकांची पानं तपासतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. आज सरांनी विचारलं, "ताई, राहू द्या की दोन्ही नोंदी. कुणाला काय त्रास?"

उत्तर काकूंनी दिलं. गेल्या आठवड्यात एका बाईंनी एका कादंबरीसाठी नाव नोंदवून ठेवलं होतं. त्या पहिल्या नोंदीवर थांबल्या होत्या आणि दुसऱ्या नोंदीवरची प्रत तोवर तिसरंच कुणी घेऊन गेलं. रांग एका दारापुढे आणि पुस्तक दुसऱ्या दारानं बाहेर. सरांना पटलं. ते म्हणाले, "मग एक करा, पण जुन्या नावानं शोधणारा माणूसही योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे." माझ्या कामाचा सगळा नियम यात आला. जोडायचं ते वाचून, आणि जुनी वाट उघडी ठेवून.

दुपारी 2:15

दुपारचा वेळ विषयशीर्षकांचा, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. पुस्तक दुहेरी असलं तर एक प्रत हरवते, विषय दुहेरी असला तर अख्खं कपाट हरवतं.

निजामाविरुद्धच्या लढ्यावरची आमची पुस्तकं पाच शीर्षकांखाली विखुरलेली आहेत: हैदराबाद मुक्तिसंग्राम, हैदराबाद स्वातंत्र्यसंग्राम, मराठवाडा मुक्तिसंग्राम, पोलीस ॲक्शन, रझाकार. अनंत भालेरावांचं पुस्तक एकाखाली, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी दुसऱ्याखाली, गावोगावच्या सत्याग्रहींची लहान चरित्रं तिसऱ्याखाली. एखादा विद्यार्थी 'मुक्तिसंग्राम' टंकतो, निघेल तेवढं वाचतो आणि विषय संपला असं समजतो.

यांतली पहिली दोन शीर्षकं निखालस एकच. 'मुक्तिसंग्राम' हे मुख्य शीर्षक, 'स्वातंत्र्यसंग्राम'वरून तिकडे 'पाहा' निर्देश. पुढच्या तिन्हींना मात्र तो न्याय चालत नाही. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' हा मोठ्या लढ्याचा एक प्रदेश. त्याच लढ्याला तेलंगणाची आणि कन्नड जिल्ह्यांचीही बाजू आहे. 'पोलीस ॲक्शन' म्हणजे 13 ते 17 सप्टेंबर 1948 ही लष्करी कारवाई, एक घटना. 'रझाकार' ही संघटना. घटना, संघटना आणि आंदोलन एकाच खणात कोंबले तर यादी सुटसुटीत होईल आणि इतिहास गढूळ. म्हणून ती तिन्ही वेगळी ठेवते आणि प्रत्येकातून मुख्य शीर्षकाकडे 'आणखी पाहा' असा निर्देश देते. मग एकेक पुस्तक हातात घेऊन अनुक्रमणिका वाचायची आणि ते नेमकं कुठे बसतं ते ठरवायचं. नुसत्या शीर्षकावरून हे कळत नाही. याला घाई चालत नाही.

दुपारी 4:00

कोपऱ्यावरून चहा आणि उस्मानिया बिस्किटं येतात. त्याच वेळी मराठीत एम. ए. करणारी एक मुलगी येते. तिला आरती प्रभूंवर लिहायचं आहे. तालिकेत तिला फक्त कवितासंग्रह मिळाले.

मी तिला शेजारी बसवते आणि 'खानोलकर, चिं. त्र्यं.' उघडून दाखवते: 'कोंडुरा', 'रात्र काळी घागर काळी', नाटकं. कविता आरती प्रभू या नावानं आणि गद्य स्वतःच्या नावानं लिहिणारा हा एकच माणूस. ती चकित होऊन यादी उतरवून घेते. मराठीत हा प्रकार पावलोपावली आहे. गडकऱ्यांची नाटकं राम गणेश गडकरी या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या नावावर, विनोदी लेख बाळकरामांच्या नावावर. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, आत्माराम रावजी देशपांडे आणि अनिल, माणिक गोडघाटे आणि ग्रेस.

इथे एक नाव मारून दुसरं ठेवायचं नसतं. कवीनं घेतलेलं नाव त्याचंच असतं, ते पुसण्याचा अधिकार तालिकेला नाही. मी नामनोंद करते: मुख्य नाव एक, बाकीची नावं तिला जोडलेली. कोणत्याही नावानं शोधा, सगळं लेखन समोर येईल. आणि प्रत्येक पुस्तकाच्या नोंदीत मुखपृष्ठावरचं नाव जसंच्या तसं राहील. ती मुलगी चहा संपवेपर्यंत आरती प्रभूंची नामनोंद पूर्ण होते. तिच्या पाठोपाठ येणाऱ्याला मला विचारावं लागणार नाही.

संध्याकाळी 5:15

आता कपाटाशी. नोंदी एकत्र झाल्या की प्रती शेजारी शेजारी आल्या पाहिजेत, त्यांच्या पाठीवरचा बोधांक एक झाला पाहिजे. सर जुन्या प्रती उघडून पानं मोजतात. दोन प्रती असल्या की एक निर्लेखनात काढावी, असा मोह जागेच्या टंचाईमुळे होतोच. पण आज एका चरित्राच्या दोन प्रतींपैकी एकीत सुरुवातीचा फर्मा नाही आणि दुसरीत शेवटची सूची फाटलेली. दोन्ही मिळून एक पुस्तक पुरं होतं. दोन्ही राहतील, आणि नोंदीत कोणत्या प्रतीत कोणती पानं नाहीत ते येईल. खरोखर जादा ठरलेल्या धडधाकट प्रती आम्ही बाजूला ठेवतो, मराठी शिकवणाऱ्या शाळांना द्यायला.

संध्याकाळी 6:30

दिवसभरात ठरलेल्या जोड्या आता प्रत्यक्ष एकत्र करते. एकेका जोडीत कोणती नोंद राहणार ते निवडायचं, दुसरीतली अधिक माहिती तिच्यात उतरवायची, सगळ्या प्रती आणि वाचकांच्या मागण्या तिच्यावर आल्या की नाही ते तपासायचं. मग वहीत एक ओळ: दोन्ही जुने नोंद क्रमांक, सगळे दाखल क्रमांक, आणि एकत्र करण्याचं कारण. कारण लिहिल्याशिवाय मी एकही जोडी मिटवत नाही. ते लिहिलेलं असलं की पुढच्या माणसाला माझा निर्णय तपासता येतो, आणि गरज पडली तर सकाळच्या प्रतीवरून मागेही जाता येतं.

संध्याकाळी 7:00

वाचनालय बंद होतं. मी आज ठरलेल्या नामनोंदी आणि विषयशीर्षकं एका स्वतंत्र फाइलमध्ये उतरवून ठेवते. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं, बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर 1848 चं. इंदूर आणि बडोद्यातही मराठी पुस्तकांची मोठी परंपरा आहे. आरती प्रभू म्हणजेच खानोलकर, हे प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पुन्हा पहिल्यापासून ठरवत बसावं याला काही अर्थ नाही. मराठी ग्रंथालयांची एक सामाईक नामसूची झाली पाहिजे, सर्वांना खुली आणि सर्वांना दुरुस्त करता येईल अशी. आमच्या बाजूनं सुरुवात म्हणून ही फाइल मी वाढवते आहे, आणि मागेल त्या ग्रंथालयाला ती देणार आहे.