प्रबंध आणि प्रबंधन

मराठीत 'प्रबंध' म्हटले की कापडी बांधणीचे जाडजूड बाड डोळ्यांसमोर येते. हिंदीत 'प्रबंध' म्हणजे बंदोबस्त, व्यवस्था. व्यवस्थापनात संशोधनावर आधारित पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला हे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात.

आधी एक सावधगिरी. पूर्वी यासाठी एम.फिल.ची वाट होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी ती बंद केली. आधी घेतलेल्या पदव्यांना धक्का नाही. पण तरीही जाहिराती येत राहिल्या, म्हणून डिसेंबर २०२३मध्ये आयोगाला पुन्हा बजावावे लागले. तेव्हा आज कुणी व्यवस्थापनातल्या एम.फिल.साठी फी मागितली, तर पैसे खिशातच ठेवा.

वाट मात्र उरली आहे. मद्रास आयआयटीच्या व्यवस्थापन विभागात संशोधनातून एम.एस. करता येते. एमबीएत पेपर बरेच आणि शेवटी प्रकल्प अहवाल. इथे पेपर मोजके, सारा भार प्रबंधावर. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र वगैरे विषय उत्तीर्ण व्हायचे, मार्गदर्शक आणि समितीपुढे काम मांडायचे, मग सारांश, प्रबंध आणि मौखिक परीक्षा.

अडते ते प्रश्नापाशी. 'यंत्रमाग उद्योगातील मनुष्यबळ व्यवस्थापन' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'मालेगावात मीटरवर मजुरी घेणारा कामगार एका कारखान्यात का टिकत नाही?' हा प्रश्न. त्यातून पुढचे आपोआप ठरते: किती कारखाने, कोणते कामगार, काय विचारायचे. मालकाच्या देखत कामगार खरे बोलणार नाही. त्याला शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चहाच्या टपरीवर गाठावे लागेल. आणि वही न ठेवणाऱ्या मालकाकडून आकडे कसे मिळवणार, हेही आधीच ठरवायला हवे. कित्येकांची वर्षे इथेच जातात.

लिहिताना उसनवारी नको. कवितेतली उसनी ओळ कानाला कळते, प्रबंधातली सॉफ्टवेअरला. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावे लागते. ६०पर्यंत गेले तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. नीट संदर्भ देऊन घेतलेले अवतरण यात धरत नाहीत, म्हणून संदर्भ पहिल्या दिवसापासून टिपून ठेवावेत.

मौखिक परीक्षेत 'हेच कामगार का निवडले?' असे विचारतात. तिथे मार्गदर्शक मदतीला येत नाहीत. पुढे परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून अंतिम प्रत द्यायची असते. नोकरीवर रुजू होण्याची तारीख कबूल करताना हे दिवसही हिशेबात धरावेत.