सात बेटांच्या चित्राखालचं खाजण

मुंबईचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेक पुस्तकांत एक चित्र असतंच. निळ्या समुद्रात सुटी सुटी सात बेटं: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. शाळेपासून ते इतकं ओळखीचं झालंय, की कुणीतरी होडीतून फिरून, मोजणी करून ते काढलं असावं असं आपण धरून चालतो. तशी मोजणी कधीच झाली नाही.

आर. एक्स. मर्फी यांनी १८३०च्या दशकात बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीसाठी मुंबईच्या मूळ रहिवाशांवर एक निबंध लिहिला. आज सलग दिसणारी ही जमीन चौदाव्या शतकात दोन किंवा अधिक बेटांत विभागलेली असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यासाठी त्यांनी जुन्या जातीजमातींची बोली ऐकली, ठिकाणांची नावं तपासली. सात बेटांचं चित्र या तर्कातून पुढे आलं. तर्क हुशारीचा होता. पण त्याच्या दीडशेएक वर्षं आधीचं वर्णन वेगळं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली मुंबईत आला. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनातली मुंबई एकच बेट आहे, आणि समुद्राचं पाणी पोटात शिरल्यामुळे त्या बेटाची पुष्कळ जमीन वाया गेली आहे.

मला दोघांत फ्रायर जास्त उपयोगी वाटतो. सात बेटांच्या चित्रात जमीन म्हणजे जमीन आणि समुद्र म्हणजे समुद्र. मधल्या जागेला तिथे रंगच नाही. कोकणात त्या जागेला चांगला शब्द आहे: खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, कडेला तिवरं. नावंही हेच सांगतात. मुंबई आणि माझगाव यांच्यामधली उमरखाडी आज दाट वस्ती आहे. ओहोटीला चिखल तुडवून पलीकडे आलेली माणसं पाय धुवायची म्हणून ‘पायधुणी’, असं सांगतात. डोंगरी खरोखरच उंचवट्यावर आहे. उपनगरातल्या ‘खार’च्या नावात तर मीठच आहे.

भरतीचं हे पाणी मुख्यतः महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून आत येई. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला आणि तो १७८४ च्या सुमारास पुरा झाला. हाच ‘हॉर्नबी व्हेलार्ड’. व्हेलार्ड हा मूळचा पोर्तुगीज शब्द, अर्थ बांध किंवा कुंपण. काम पुनःपुन्हा ढासळत होतं, तेव्हा ते काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभू यांना देवीचा दृष्टान्त झाला, समुद्रात मूर्ती सापडल्या आणि मग बांध टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका मुंबईकरांना माहीत आहे. बांध झाला, भरतीचं पाणी थांबलं. पण आतली जमीन उंच झाली नाही. पुढे शतकभर तिच्यावर भराव पडत गेला, कुठे जास्त, कुठे कमी.

इथे रायगडच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारावं. तो खारबांध घालतो आणि बांधाला उघाडी ठेवतो. भरती आली की उघाडीचं दार बंद, ओहोटी लागली की उघडं. मधल्या काही तासांत पावसाचं पाणी शेतातच थांबतं, आणि त्याला थांबायला जागा असते. दक्षिण आणि मध्य मुंबईचा मोठा भाग ही अशीच बांधाआडची जमीन आहे. पर्जन्यवाहिन्यांची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, की महापालिका इशारा देते तो यासाठी. फरक एवढाच, की शेतकऱ्याने पाण्यासाठी राखलेली जागा शहराने घरांना आणि रस्त्यांना दिली. मध्य मुंबईतला हिंदमाता चौक दर पावसाळ्यात बातम्यांत येतो तो तिथल्या लोकांच्या बेफिकिरीने नव्हे. आजूबाजूच्या चढांच्या मध्ये ती बशी आहे. आता त्या परिसरासाठी मैदानांखाली पाणी साठवण्याच्या टाक्या बांधल्या आहेत. पाण्याला थांबायला जागा लागते, हे त्यातून अखेर मान्य झालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

२६ जुलै २००५ च्या महापुराचं संकट मात्र उपनगरांवर कोसळलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस आणि कुलाब्याला फक्त ७३! एका शहराचे दोन आकडे. विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारं पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी विमानतळाजवळ काटकोनात वळवलेली होती. तिच्या मुखाशी भरतीचं पाणी जिथे पसरायचं, त्या दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं होतं. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि अनेकांनी प्रथमच नकाशावर मिठी शोधली. तोवर ती लोकांच्या लेखी नाला होती.

म्हणून मला सात बेटांच्या चित्राशेजारी दुसरा एक नकाशा हवा आहे, प्रत्येक गल्लीची भरतीच्या तुलनेत उंची दाखवणारा. तो विभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असावा, आणि घर घेणाऱ्याला करारनाम्याआधी दाखवला जावा. तो नुसत्या यंत्रांनी पुरा होणार नाही. मर्फींनी रहिवाशांना विचारलं तसं आताही विचारावं लागेल. तुमच्या इमारतीत पाणी शिरलं असेल, तर भिंतीवर त्या पातळीला पक्क्या रंगाने रेघ ओढा. तिच्याशेजारी तारीख, वेळ आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, एवढं लिहा. पुढच्या रंगकामात ती रेघ पुसू देऊ नका.