स्वहस्ते जुळविलेल्या गणकयंत्रातील दोषांचा शोध : मंद स्पंद आणि जलद कडा

तर्कचिप्स ब्रेडबोर्डवर खोचून आणि तारांनी जोडून उभारलेले लहानसे गणकयंत्र विद्यार्थ्याला यंत्राच्या अंतरंगाची जेवढी ओळख करून देते, तेवढी कोणतेही तयार यंत्र देत नाही. आल्बर्ट मालव्हिनो यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात मांडलेला, आठ बिटांचा, सोळा शब्दांच्या स्मृतीचा आणि अवघ्या पाच आज्ञांचा आराखडा अशा रचनांना आजही आधारभूत ठरतो. आराखडा सोपा आहे. तो चालता करणे मात्र सोपे नाही. प्रस्तुत लेखात या यंत्रातील दोषांच्या शोधाचा विचार करावयाचा असून, त्यातही एका रूढ समजुतीची तपासणी करावयाची आहे. यंत्राला ताल देणारा स्पंद सेकंदाला एक इतका मंद केला असता जो दोष उरेल तो केवळ जोडणीचा किंवा तर्काचा असणार, विद्युतीय असणार नाही, अशी ती समजूत होय. ती अर्धीच खरी आहे.

सुट्या भागांतून गणकयंत्र उभारण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेले यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले व १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. सुमारे २,७०० निर्वात नलिका आणि प्रत्येकी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची फेराइट-स्मृती असा त्याचा पसारा होता. तथापि पूर्ण यंत्रास हात घालण्यापूर्वी या मंडळींनी एक लहान प्रतिरूप बांधून मंडलांची परीक्षा घेतली होती, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. ब्रेडबोर्डवर काम करणाऱ्याने संचयक, बेरीजयंत्र, गणित्र, स्मृती हे विभाग एकेक करून आधी स्वतंत्रपणे तपासावेत आणि मगच सामाईक वाहिनीला जोडावेत. सगळे एकदम जोडून दोष हुडकीत बसणे हा वेळेचा अपव्यय होय.

प्रारंभ विद्युत्‌पुरवठ्यापासून करावा. ७४०० मालिकेतील चिप्सना ४·७५ ते ५·२५ व्होल्ट एवढाच दाब चालतो. तो पुरवठायंत्राच्या टोकाशी न मोजता सर्वांत दूरच्या चिपच्या पायांवर मोजावा. कारण तारा आणि स्प्रिंगच्या पकडी यांत दाब घटत जातो, आणि काही लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. वीज वारंवार जाते अशा ठिकाणी शुष्क घट वापरण्याचा मोह होतो. भंडारा जिल्ह्यात आंबागडचा किल्ला ज्या तुमसर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज डायऑक्साइडचे खनिज अशा घटांच्या उद्योगास पुरविले जाते. पण म्हणून ते घट येथे सरळ उपयोगी पडत नाहीत. तीन घटांचे ४·५ व्होल्ट अपुरे आणि चारांचे ६ व्होल्ट अधिक होतात. पुनर्भरणीय निकेल घट चार घेतल्यास ४·८ व्होल्ट मिळून काम जेमतेम भागते.

यानंतर तार्किक पातळ्या पाहाव्यात. मूळ मालिकेत ‘एक’ दर्शविणारे निर्गम किमान २·४ व्होल्ट आणि ‘शून्य’ दर्शविणारे कमाल ०·४ व्होल्ट असते. आदान मात्र २·० च्या वरील दाबास ‘एक’ आणि ०·८ च्या खालील दाबास ‘शून्य’ मानते. म्हणजे दोन्ही बाजूंना ०·४ व्होल्टची सवलत आहे. रोधकाशिवाय जोडलेला तांबडा दिवा निर्गमाला सुमारे २ व्होल्टवर जखडून ठेवतो आणि ही सवलत गिळून टाकतो. दिवा ‘एक’ दाखवितो, पण पुढच्या चिपला तो ‘एक’ वाटेलच अशी शाश्वती नसते. पुढची चिप ‘एचसी’ जातीची असल्यास बहुधा वाटणारच नाही, कारण तिला सुमारे साडेतीन व्होल्ट हवे असतात. मोकळे सोडलेले आदानही असेच फसवे. जुन्या जातीत ते बहुधा ‘एक’ समजले जाते, ‘एचसी’ जातीत ते काहीही समजले जाऊ शकते. आणि हात जवळ नेताच यंत्राचे वागणे बदलले, तर प्रथम तेच शोधावे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्पंद मंद केला म्हणजे दोन कडांमधील अंतर वाढते. प्रत्यक्ष कड मात्र तितकीच तीव्र राहते. ५ नॅनोसेकंदांत २० मिलिअँपिअर प्रवाह बदलला आणि पुरवठ्याच्या मार्गात सुमारे १० सेंटिमीटर तार असली, तर तिच्या साधारण १०० नॅनोहेन्री प्रवर्तकत्वामुळे ०·४ व्होल्टचा धक्का बसतो. ही नेमकी आपल्या सवलतीएवढी रक्कम आहे. गणित्राने एका स्पंदात दोन आकडे मोजले, तर सेकंदाला एक स्पंद असतानाही ते मोजू शकते, याचे कारण हेच. प्रत्येक चिपच्या पुरवठा-पायांलगत ०·१ मायक्रोफॅरडचे धारित्र बसविणे म्हणूनच ऐच्छिक मानू नये.

याहून फसवे उदाहरण नियंत्रणविभागात आढळते. मूळ आराखड्याला स्मृतीत लिहिण्याची आज्ञा जोडली आणि नियंत्रणासाठी २८सी१६ सारखी स्मृतिचिप वापरली, असे समजू. लेखनाची नियंत्रणरेषा आणि स्पंद हे दोन्ही ‘एक’ असतील तेव्हाच स्मृतीत लेखन व्हावे, अशी योजना असते. स्पंदाच्या चढत्या कडेला आज्ञा-संचयकात नवी आज्ञा येते. तीच आज्ञा नियंत्रणचिपचा पत्ता ठरवीत असल्यामुळे तो पत्ता त्याच क्षणी बदलतो, आणि पुढील सुमारे १५० नॅनोसेकंद त्या चिपच्या निर्गमांना काही अर्थ नसतो. स्पंद तर या काळात ‘एक’ असतो! लेखनरेषा क्षणभर जरी उसळली तरी स्मृतीत लेखन घडते, आणि ज्या पत्त्यावरून आज्ञा नुकतीच वाचली तीच आज्ञा बिघडते. कार्यक्रम पहिल्या फेरीत बरोबर चालतो, दुसऱ्या फेरीत भलतीकडे जातो. विद्यार्थी स्मृतीची चिप बदलतो, मग कार्यक्रम तपासतो, मग स्पंद आणखी मंद करतो. आणि यांपैकी कशानेच गुण येत नाही. सेकंदाला एक स्पंद असो वा हजार, ते १५० नॅनोसेकंद तेवढेच राहतात.

उपाय असा की, नियंत्रणचिप आणि नियंत्रणरेषा यांच्यामध्ये ७४एलएस२७३ सारखे संचयक घालून ते उतरत्या कडेला भरावे, आणि पायऱ्या मोजणारे गणित्र चढत्या कडेवर आणावे. मग निर्गमांना स्थिरावण्यास अर्धे आवर्तन मिळते आणि संचयकापुढे केवळ स्थिर मूल्ये जातात.

ऑसिलोस्कोप नसेल तर अशी उसळी पकडावी कशी? ७४एलएस७४ चे एक द्विस्थिर मंडल घ्यावे, त्याचे माहिती-आदान आणि पूर्वस्थापनाचे आदान ‘एक’ला बांधावे, आणि संशयित रेषा त्याच्या स्पंद-आदानास जोडावी. पुसण्याचे आदान क्षणभर ‘शून्य’ करून पुन्हा ‘एक’वर आणल्यानंतर, २५ नॅनोसेकंदांहून रुंद अशी एकही उसळी आली तरी निर्गमावरील दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. ज्या कार्यक्रमात लेखनाची आज्ञाच नाही असा कार्यक्रम हातबटणाने एकेक स्पंद देऊन चालवावा. आज्ञा आत येण्याच्या पायरीला दिवा लागला, तर दोष सापडला असे समजावे. बटणाच्या हेलकाव्यांनी घोटाळा होऊ नये म्हणून तेही दुसऱ्या द्विस्थिर मंडलातून आणलेले असावे. रेषेला हे मंडल नुसते जोडताच दोष नाहीसा झाला, तर तेही टिपून ठेवावे : त्याच्या आदानाच्या काही पिकोफॅरड धारकतेने उसळी बुजत असल्याचे ते लक्षण आहे.