हातचा एक

बेरीज करतांना आपण सर्वजण ‘हातचा एक’ असें म्हणतों. खरें पाहतां तो एक आपल्या हातीं नसतो. तो कागदावर, पुढील आंकड्याच्या डोक्यावर लिहिलेला असतो. आपलें अर्धें उदाहरण कागदच सांभाळतो. ज्या मुलाला दृष्टि नाहीं त्यानें मात्र सगळे आंकडे व सगळे हातचे मनांतच धरून ठेवावयाचे. एवढें ओझें वाहतां वाहतां तो चुकला, म्हणजे ‘ह्याला गणित येणार नाहीं’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतों. हा निकाल किती अन्यायाचा आहे, हें वाचकांस दाखवावें, असा आमचा हेतु आहे.

अंधांना वाचतां यावें म्हणून फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांनीं सहा टिंबांची लिपि सिद्ध केली. आपल्या मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अंधांसाठीं शाळा काढली. ह्या लिपीनें वाचनाचा मार्ग मोकळा झाला. परंतु उभ्या मांडणीच्या गणितांत एक अडचण राहिली. ब्रेल पाटीवर कागद लावून टोंच्यानें उजवीकडून डावीकडे टिंबें पाडावीं लागतात, व तीं वाचण्यासाठीं कागद काढून उलटावा लागतो. हातचा कोठें ठेवला हें मध्येंच पाहूं म्हटलें, तर उदाहरण तेथेंच थांबतें.

म्हणून गणितासाठीं निराळीं साधनें निघालीं. टेलर पाटीवर ओळीनें अष्टकोनी भोंकें असतात व त्यांत चौकोनी खिळे बसवितात. खिळ्याच्या एका टोंकास सरळ उंचवटा व दुसऱ्या टोंकास दोन टिंबें असतात. प्रत्येक टोंक आठ दिशांनीं ठेवतां येतें. म्हणजे एकंदर सोळा खुणा झाल्या. दहा अंकांच्या दहा, आणि उरलेल्या सहा बेरीज-वजाबाकी इत्यादि चिन्हांच्या. अशा रीतीनें उदाहरण बोटांखालीं उभें राहतें, व चुकलेला अंक खिळा फिरवून सुधारतां येतो.

दुसरें साधन ॲबॅकस, म्हणजे मण्यांची चौकट. अमेरिकेंतील टिम क्रॅनमर हे स्वतः अंध होते. त्यांनीं १९६२ सालीं जपानी चौकटींत सुधारणा करून मण्यांच्या मागें मऊ अस्तर घातलें. त्यामुळें नुसतें बोट लागल्यानें मणी घसरत नाहींत. प्रत्येक तारेवर आडपट्टीच्या वर पांचाचा एक मणी व खालीं एकेकाचे चार असतात. समजा, २७ मध्यें १५ मिळवावयाचे आहेत. दशकाच्या तारेवर दोन मणी, आणि एककाच्या तारेवर पांचाचा एक व एकेकाचे दोन, असे २७ मांडले. प्रथम दशकांत एक मणी सरकविला, ३७ झाले. आतां पांच मिळवावयाचे, पण पांचाचा मणी तर आधींच वापरलेला! तेव्हां दशकांत आणखी एक मणी वाढविला व एककांतील पांचाचा मणी मागें घेतला. उत्तर ४२. येथें हातचा खरोखरच हाताला लागला.

आतां मोबाईल व संगणकही आंकडे मोठ्यानें वाचून दाखवितात. पाठ्यपुस्तक ऐकण्यास व उत्तर ताडून पाहण्यास हीं साधनें फार उपयोगी आहेत. परंतु आरंभींच बोलकें यंत्र हातीं दिलें, तर मुलाला उत्तर मिळतें, रीत मिळत नाहीं. म्हणून आधीं मणी, मग यंत्र, असा क्रम ठेवावा.

आमचा भंडारा जिल्हा धानाचा. पोतीं, वजन व भाव यांचा हिशेब येथें घरोघर चालतो. त्यांतून घरांतील अंध मुलाला आपण वगळतों, तेव्हां जन्मभर दुसऱ्याच्या हिशेबावर विसंबावयास त्याला लावतों. यास्तव पालकांनीं गणितांतून सूट मागण्याची घाई करूं नये. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानें अशा मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा व त्यासाठीं लागणाऱ्या साह्याचा हक्क दिला आहे. मुख्याध्यापकांकडे अथवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे अवश्य चौकशी करावी.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या बाकावर असा सोबती बसला, तर फळ्यावरील उदाहरण त्याला स्पष्ट वाचून दाखवा. उत्तर मात्र सांगूं नका. तें त्याचें त्याला काढूं द्या.