‘होल्ड’ म्हणजे काय काय धरावें ?

भाषांतराच्या वह्या तपासतांना एके दिवशीं आमच्या दृष्टीस एक मौजेचें वाक्य पडलें. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय इतकाच होता कीं, शाळेच्या दालनांत सभा झाली. विद्यार्थ्यानें लिहिलें होतें, “सभा दालनांत पकडण्यांत आली.” वाचून प्रथम आम्हांस हसूं आलें, मग वाटलें, ह्यांत त्या मुलाचा अपराध तो कोणता? त्यानें कोश उघडला, ‘होल्ड’ हा शब्द काढला, आणि त्यापुढें पहिलाच जो अर्थ दिसला तो उचलून वाक्यांत बसविला. कोश खोटें बोलला नाहीं, आणि मुलानेंही आळस केला नाहीं. आळशी मुलगा कोशाच्या वाटेस जातोच कशाला? तरी वाक्य चुकलें तें चुकलेंच. तें कां चुकलें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, म्हणून हा लेख.

मूठ आवळून घट्ट धरणें हा ‘होल्ड’चा अर्थ सर्वांस ठाऊक आहे. परंतु इंग्रज मनुष्य हातानें जें धरतो, त्याहून कितीतरी अधिक तो ह्या शब्दानें धरतो. तो सभा ‘धरतो’, आपण ती भरवितों. तो अधिकारपद ‘धरतो’, आपण तें भूषवितों. तो जीभ ‘धरतो’, आपण ती आवरतों. श्वास मात्र दोघेही रोखून धरतात ! बाटली लिटरभर दूध ‘धरते’ असें तो म्हणतो. आपण तितकें दूध बाटलींत मावतें असें म्हणतों. न्यायाधीश एखादें मत ‘धरतो’ म्हणजे तसा निर्णय देतो, आणि युक्तिवाद ‘पाणी धरतो’ म्हणजे तो तपासणीस टिकतो. ‘अप’ हें लहानसें अव्यय आधीं जोडलें कीं मागें, एवढ्यावरूनही केवढा फरक पडतो पहा. वरिष्ठ न्यायालयानें खालचा निकाल ‘अपहोल्ड’ केला, म्हणजे तो कायम ठेवला. पण ‘होल्ड अप’ झालें कीं गाडीचा खोळंबा होतो, किंवा वाटसरूस दरोडेखोर अडवितात. (गलबताच्या पोटास, जेथें माल भरतात त्या जागेस, ‘होल्ड’च म्हणतात, पण तो शब्द ह्या घराण्यांतला नव्हे. तो ‘होल’ म्हणजे पोकळी ह्याच्या नात्यांतला असून, दिसण्याच्या सारखेपणामुळें ह्या घरांत शिरला आहे.)

एकाच शब्दानें इतका पसारा कसा मांडला ? ह्याचें उत्तर त्याच्या बाळपणांत सांपडतें. इंग्रजीच्या भावकींतील गॉथिक ही भाषा आज कोणी बोलत नाहीं. परंतु चौथ्या शतकांत उल्फिला नांवाच्या धर्माध्यक्षानें बायबलाचें त्या भाषेंत केलेलें भाषांतर अंशतः उरलें आहे. त्यांत ह्याच शब्दाचें ‘हाल्दान’ असें रूप येतें, आणि तेथें त्याचा अर्थ आहे जनावरें राखणें, चारणें. त्यावरून पंडितांचें असें मत आहे कीं, ‘होल्ड’चा मूळ अर्थ मुठींत धरणें हा नसून राखणें, सांभाळणें हा असावा. आमच्या तुमसरच्या शिवारांतील गुराखी कांहीं प्रत्येक गाय शिंगास धरून हिंडवीत नाहीं. तो झाडाखालीं उभा असतो, हात काठीवर असतात. तरी कळप त्याच्या ताब्यांत असतो. हा गुराखी एकदां डोळ्यांपुढें आणला, म्हणजे पद, मत, जमीन व सभा हीं सर्व एकाच दावणीस कशीं बांधलीं गेलीं तें कळूं लागतें. आमच्या मतें ‘होल्ड’चा पहिला मराठी अर्थ ‘राखणें’ असा पाठ केल्यास मुलांच्या निम्म्या चुका टळतील.

आतां इंग्रजीस हंसणाऱ्यानें आपल्या ‘धरणें’ ह्या शब्दाकडेही थोडें पहावें. रोवणीनंतर पऱ्हें मूळ धरतें, पाऊस जोर धरतो, लोंबी दाणा धरते, आणि धान घरीं आल्यावर भाव चढेपर्यंत शेतकरी तें धरून ठेवतो. मूल बाळसें धरतें, हट्ट धरतें, व रागावलें म्हणजे अबोला धरतें. आजारी मनुष्य अंथरूण धरतो. वास्तविक अंथरुणानेंच त्यास धरलेलें असतें. ह्यांतील किती ठिकाणीं ‘होल्ड’ चालेल ? फारच थोड्या. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ मध्यें आपला मराठी-इंग्रजी कोश छापला व १८५७ मध्यें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. असे शब्द आले म्हणजे कोशकाराचें काम किती अवघड होत असेल, ह्याची कल्पना ह्यावरून करावी.

ह्याच क्रियापदापासून नदीस अडविणारें ‘धरण’ झालें. आमच्या तालुक्याजवळ बावनथडी नदीवर महाराष्ट्र व मध्यप्रदेश ह्या दोन राज्यांनीं मिळून असें धरण बांधलें आहे. आणि ह्यापासूनच दुसऱ्याच्या दारीं बसावयाचें ‘धरणें’ झालें. पूर्वीं सावकार ऋणकोच्या दाराशीं उपाशी बसे, व पैसे मिळेपर्यंत हालत नसे. त्याच्या हातांत कांहींच नसे. स्वतःस उपाशी धरून तो समोरच्यास धरून ठेवी. ही चाल इंग्रजांस इतकी नवलाची वाटली कीं, १८६० च्या भारतीय दंडसंहितेंत ५०८ व्या कलमाखालीं दैवी कोपाची भीति घालण्याचें उदाहरण म्हणून तिचा उल्लेख झाला, आणि १८८६ मध्यें निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या प्रसिद्ध कोशांतही तिला जागा मिळाली. ती दंडसंहिता १ जुलै २०२४ पासून रद्द होऊन तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली; शब्द मात्र इंग्रजींत रुजून राहिला आहे.

येथवर मौज झाली. परंतु वडील मंडळींनीं पुढील मजकूर जरा सावकाश वाचावा, कारण ह्या शब्दावर घरची जमीन अवलंबून असते. सरकारी कागदांत ‘होल्डर’ किंवा ‘धारक’ हा शब्द येतो, आणि नोटीस वाचून दाखविणारा शाळकरी मुलगा त्याचा अर्थ ‘मालक’ असा सांगून मोकळा होतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणें जमीन धारण करणें म्हणजे तिचा कायदेशीर ताबा असणें होय, मग तो ताबा प्रत्यक्ष असो वा नसो. म्हणजे नागपुरास नोकरीस राहून गड्याकडून शेत करविणारा मनुष्य धारक असूं शकतो. उलट बळजबरीनें शेतांत शिरून तेथें रोज नांगर धरणारा धारक ठरत नाहीं. पुन्हा गुराखीच आठवावा. हात लागणें ही येथें कसोटीच नाहीं. तसेंच, जो जमीन धारण करतो त्यास ती विकण्याची मोकळीक असतेच असें नाहीं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असें लिहिलें असेल, तर त्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. हें न कळतां व्यवहार करून बसणें परीक्षेंतील चार गुण जाण्याहून पुष्कळ महाग पडतें.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ‘धरणें’ आणि ‘होल्ड’ हे सोयरे दिसले, तरी रक्ताचे नव्हेत. आपला शब्द संस्कृत ‘धृ’ धातूचा. धर्म, धृति, धरणी, आधार हीं त्याचींच भावंडें. ह्या धातूचें इंग्रजींतील खरें नातलग म्हणजे लॅटिनमधून आलेला ‘फर्म’, घट्ट, हा शब्द. आणि त्याच्याच पाठोपाठ ‘फार्म’! शेत आणि घट्टपणा ह्यांचा संबंध काय, असें वाटेल. मध्ययुगीन लॅटिनमध्यें ‘फिर्मा’ म्हणजे ठरलेली, पक्की रक्कम, आपला मक्ता. पुढें मक्त्यानें घेतलेली जमीन, आणि अखेरीस कोणतेंही शेत. ह्या हिशेबानें नांगर धरणाऱ्यापेक्षां सरकारांत ठरलेला सारा भरणाऱ्या मालगुजारासच ‘फार्मर’ हें नांव अधिक शोभलें असतें. आमच्या जिल्ह्यांतील मालगुजारी १९५० च्या कायद्यानें, १९५१ मध्यें संपली.

मालगुजार गेले, पण त्यांच्या काळचे तलाव व बोड्या मागें राहिल्या. परवां त्याच मुलानें, सभा पकडणाऱ्यानें, आम्हांस विचारलें, “गुरुजी, ‘तलाव पाणी होल्ड करतो’ ह्याचें भाषांतर काय करावें ? तलावांत पाणी मावतें, कीं तलावांत पाणी राहतें, कीं तलाव पाणी धरतो ?” प्रश्न ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला. आम्हीं त्यास म्हटलें, “बाबा, तलाव केवढा हें सांगावयाचें आहे, उन्हाळ्यांत तो आटतो कीं नाहीं हें सांगावयाचें आहे, कीं त्याची पाळ फुटली आहे काय हें सांगावयाचें आहे ? तें आधीं ठरीव, आणि मग वही घेऊन ये.”