औजाराची सुधारणा : गरज, नमुना आणि चाचणी

औजार केवळ नवे आहे म्हणून उपयोगी ठरत नाही. ते कोणते नुकसान टाळण्यासाठी हवे, हे प्रथम निश्चित व्हावे लागते. कोकणातील आंबे काढण्याचा झेला हे याचे बोलके उदाहरण होय.

जुन्या झेल्यास लांब बांबूच्या टोकाशी कडे व जाळी असते. फळ त्यात धरून हिसका दिला म्हणजे देठ मुळाशी तुटतो. त्यातून वाहणारा चीक सालीवर पसरून काळे डाग पडतात आणि देठाकडून फळ कुजण्याचा संभव वाढतो. वर्षभराच्या श्रमांचे मोल अशा रीतीने काढणीच्या वेळी कमी होते.

दापोली येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) तयार केलेल्या ‘नूतन’ झेल्यात देठ कापण्यासाठी धारदार पात्याची योजना आहे. देठ पात्यात अडकवून झेला ओढला की फळ थोड्या देठासह जाळीत पडते. बांबू व जाळी कायम राहिली. जेथे दोष होता, तेथेच बदल झाला.

कोणत्याही औजाराची सुधारणा करताना पुढील क्रम पाळावा :

(१) गरज : काम चालू असताना प्रत्यक्ष पाहावे. औजार हाताळणाऱ्या स्त्री-पुरुषांस अडचण विचारावी व ती एका वाक्यात लिहावी.

(२) कसोट्या : वजन, किंमत व सुरक्षितता आधीच ठरवावी. गावच्या लोहाराकडे दुरुस्ती व्हावी, हेही पाहावे.

(३) नमुना : प्रथम एकच नमुना, मिळेल त्या स्वस्त साहित्यातून करावा. त्यात चूक आढळल्यास हानी अल्प होते.

(४) चाचणी : जुने व नवे औजार त्याच मजुराच्या हाती, त्याच झाडावर वापरून पाहावे. तासाला निघालेली, देठासह आलेली व डागाळलेली फळे मोजावीत. कुजीचा दोष फळ पिकताना दिसतो; म्हणून दोन्ही ढीग वेगळे ठेवून पिकेपर्यंत नोंद करावी.

(५) सुधारणा : एका वेळी एकच बदल करावा, अन्यथा गुण कशाने आला ते कळत नाही.

चाचणीपूर्वीच अनेक नग घडविल्यास एकच दोष प्रत्येक नगात उतरतो आणि त्याची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागते. यास्तव ग्रामसेवकांनी औजाराची शिफारस करण्यापूर्वी ते आपल्या गावच्या शेतात, तेथील मजुरांच्या हाती चालवून पाहावे. शेतकऱ्याने दाखविलेला दोष हा पुढील नमुन्याचा आधार समजून तो जसाच्या तसा नोंदवावा.